आधी तुम्ही जा

बीपीचं मशीन खोटं बोलतं, असं तुम्ही म्हणता ना, मग हे ऐका. बसवनगुडीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात उमाअक्का फार्मासिस्ट आहेत. कुठल्याशा कॉलेजच्या संशोधनासाठी त्या गिऱ्हाइकांचं बीपी मोजत होत्या. मला म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प बसा. भिऊ नका, नुसता पट्टा आहे."

त्यांनी मोजलं, परत मोजलं; दोन्ही वेळा आकडा खूपच वर. माझे वडील असेच बसल्या जागी अर्धांगवायूनं कोसळले होते. मला घाम फुटला.

"अक्का, मशीन बिघडलंय."

"सरी, बरं, माझ्यावर बघू." त्यांनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. आकडा माझ्याहून मोठा आला.

"बिघडलंयच," त्या म्हणाल्या आणि गल्ल्यावरच्या नवऱ्याला हाक मारली.

खात्रीसाठी त्यांचंही मोजलं. अगदी नॉर्मल! ते खूश झाले. म्हणजे मशीन बरोबर होतं, बिघडलो होतो आम्ही दोघं.

एकाच रिक्षातून डॉक्टरकडे गेलो. दाराशी अक्का थबकल्या. मी म्हणालो, "भिऊ नका, नुसता पट्टा आहे."

"ते मी गिऱ्हाइकांना सांगते, अण्णा. आधी तुम्ही जा."