विमानातला फवारा

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी तिच्या मृत्यूच्या कागदांसाठी मी दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो. शेजारी तपासणीला आलेल्या, विमानात काम करणाऱ्या दोघी बोलत होत्या.

“ताई, परवा डासांचा फवारा मारला आणि दमा असलेल्या एक आजी खोकून बेजार झाल्या.”

“आधी विचारलं नव्हतंस?”

“विचारतंय कोण? डोळे मिटा म्हणायचं आणि मारायचं.”

“नको म्हणाल्या असत्या तर?”

“मग काय, हवेतच उतरवायचं त्यांना?”

“हसतेस काय? तुला चौथा महिना. तुला तरी कुणी विचारलं?”

“तुम्हाला विचारलं होतं, तुमच्या दोन्ही बाळंतपणांच्या वेळेस?”

“नाही. म्हणूनच सांगतेय, लेखी तक्रार दे.”

“तुम्ही सही करणार असाल तर देते.”

“आण कागद.”

माझ्या बायकोलाही दमा होता. आमच्या विमानप्रवासात फवारा मारला, तेव्हा ‘रुमाल धर आणि गप्प बस’ असं मीच म्हणालो होतो. घरी आल्यावर तिने मला तक्रार लिहायला सांगितली. ती अजून लिहिलेली नाही.