बोर्गहिलची कंबर

नॉर्वेतल्या डोव्रेच्या घाटात इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगच्या रांगेत टोरुनचा नंबर लागतच आला होता. मागच्या गाडीच्या उघड्या काचेतून म्हाताऱ्या नवराबायकोचं बोलणं तिला ऐकू येत होतं.

"आयनार, नातीचं बारसं चुकणार. परत बॅटरी संपली."

"थंडी आहे, बोर्गहिल."

"थंडी सगळ्यांनाच आहे. तू स्पोर्ट मोडवर हाणतोस."

"तो कधीच बंद केला."

"मग बटण दाबून गाडी एवढी उंच कशाला करून ठेवतोस? रस्त्यावर बर्फ नाही. वारा अडतो, बॅटरी खाते."

"माहीत आहे."

"माहीत असून?"

"गाडी खाली असली की उतरताना तुझी कंबर धरते."

"मग थांबल्यावर कर की उंच."

"वेळ लागतो. तू लगेच दार उघडतेस."

"हे आधी नाही सांगायचं?"

"तू बॅटरीचं विचारत होतीस."

टोरुन त्यांच्या खिडकीशी गेली.

"तुम्ही आधी चार्जिंगला लावा. मला घाई नाही."

गाडी तशीच उंच पुढे सरकली.