दोर माझ्या ताब्यात

नाही, पण मी म्हणतो, एखाद्यानं तरी ओरडायचं ना माझ्यावर? घरात एवढी माणसं, आणि घर तरी कसलं, बोट! जुनी, लाकडी, माल वाहणारी बोट. तिच्या पोटात जिथं पूर्वी पोती रचायचे तिथं आता आम्ही रचलेलो आहोत… एकाच्या उशाशी दुसऱ्याचे पाय, दुसऱ्याच्या पायाशी तिसऱ्याचं दप्तर, आणि एकानं कूस बदलली की सगळ्या रांगेनं बदलायची. अशा ठिकाणी बोलणी खायला काय वेळ लागतो हो? भाजी करपली की बोलतात, दिवा चालू राहिला की बोलतात, धाकट्याची एक चप्पल पाण्यात पडली तर उरलेल्या चपलेकडे बघून आठवडाभर बोलत होते. आणि मी सबंध घर आडवं केलं, अहो अक्षरशः आडवं केलं, तर मला कुणी काही बोललं नाही!

तुम्हाला सांगतो, याच्याइतकी वाईट शिक्षा नाही. चार शब्द ऐकले की माणूस मोकळा होतो, पाचवा शब्द आला की उलटून बोलायचा हक्कसुद्धा मिळतो. पण इथं? "बाबा, चहा घेता?" घेतो बाबा, घेतो, काय करणार!

मुळात सगळ्यांना पाण्यावर आणलं मीच. बोट हिच्या वडिलांची, नुसती पडून होती. मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायचो. निवृत्त झालो तेव्हा हिला म्हटलं, आपण दोघं बोटीवर राहू, शांतता मिळेल, चिंतन होईल. ही म्हणाली, "चिंतन तुम्ही करा, पाणी मी भरते." मग थोरल्याची भाड्याची जागा सुटली, तो बायकोमुलांसकट आला. थोरला आला म्हणून धाकटा आला, त्या दोघांची आठवण येते म्हणून लेक मुलं घेऊन आली, आणि एवढी माणसं बघून माझी मोठी बहीण, अक्का, तीही आली. अक्काला ऐकू येत नाही, पण एकटं राहवत नाही. म्हणजे चिंतन राहिलं बाजूला, चिंता तेवढी झाली.

आणि विषय कुठला होता माझा, माहीत आहे? जबाबदारी! त्या एका शब्दावर प्रबंध लिहिला मी. केस काळे असताना सुरू केला, पांढरे झाल्यावर संपला. त्याचं बांधीव पुस्तक सध्या स्वयंपाकघरात असतं, भांड्यांच्या कपाटाच्या एका पायाखाली. कपाट डुगडुगायचं ना! थोरली सून फार आदरानं म्हणाली होती, "बाबा, एवढं जाड दुसरं काही सापडलंच नाही हो." खरं आहे. मीही शोधलं होतं.

तर मुद्दा दोराचा. आमच्या धक्क्याला भरतीला पाणी चढतं, ओहोटीला उतरतं, आणि पाण्याबरोबर बोटही चढते-उतरते. म्हणून तिला धक्क्याशी बांधणारे दोर ढिले ठेवायचे. आमच्या घरात बाकी कुठलाच नियम नाही, जेवायला कुणी कधीही या, पण दोर ढिला. माझी नात आहे, भिंगरी म्हणतो आम्ही तिला, अजून उजवा बूट डाव्या पायात घालते, पण तीसुद्धा मला सांगते, "आजोबा, दोर कसा लोंबला पाहिजे, तुमच्या मिशीसारखा." म्हणजे मला माहीत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही. बघा कसा अडकलोय!

पण ढिल्या दोराचं एक दुखणं असतं. बोट हलते आणि धक्क्याला बांधलेल्या जुन्या टायरांवर आपटते. धप्प… जरा थांबते… धप्प. बाकीच्यांना ते ऐकूच येत नाही. मला दुसरं काही ऐकू येत नाही.

त्यात बंदराच्या कचेरीतून निरोप आला की साहेब पाहणीला येणार. या जुन्या बोटी कुटुंबानं राहण्याजोग्या आहेत की नाहीत, ते बघणार. नसतील तर धक्का सोडा, बोट मोडीत. आणि मग माणसांचं काय? ते मी ऐकलं. दुपारचा डोळे मिटून पडलो होतो. बोटीत भिंती कुठल्या, पडदेच. पलीकडे थोरला म्हणत होता, "मला एकच खोली मिळतेय. आई माझ्याकडे येऊ दे." धाकटा म्हणाला, "मग बाबा माझ्याकडे." भांडले नाहीत हो! घरातल्या खुर्च्या वाटाव्यात तसं, पण हळुवार, जपून, फुटेल-बिटेल म्हणून. ही माझ्या शेजारीच पडली होती. जागी होती, घोरत नव्हती, त्यावरून कळतं. मी काही बोललो नाही, ती काही बोलली नाही. आयुष्यभर एकमेकांवर कुरकुर करायची सवय झालेली दोन माणसं, ती दोन घरांत बसून कुणावर कुरकुरणार?

बरं, पाहणीचा दिवस उजाडला. सगळी कामाला लागली. कुणी फळ्या घासतंय, कुणी पडदे धुतंय. मी फडकं घेतलं, लेकीनं हातातून काढून घेतलं. बादली उचलली, धाकट्यानं बादलीसकट मला उचलून बाजूला ठेवलं. "बाबा, तुम्ही फक्त बसा." ज्या माणसापायी एवढी माणसं पाण्यावर आली, त्यानं फक्त बसायचं! बसलो. वर डेकवर, माझ्या खुर्चीत. आणि धप्प… धप्प…

माझ्या मनात आलं, साहेब येणार, हे ऐकणार आणि म्हणणार, हे घर आपटतं. त्यातून तो लोंबणारा दोर! पदर लोळतोय आणि लक्ष नाही, असं दिसत होतं ते. साहेबाला काय भरती-ओहोटी शिकवत बसायचं? म्हटलं, तेवढ्यापुरतं… साहेब येऊन जाईपर्यंत… कुणी बघत नाहीसं पाहून दोन्ही दोर ओढले, खुंट्यांना गुंडाळले आणि गाठीवर गाठ मारली. मी खलाशी नाही, पण घाबरट माणसाइतकी पक्की गाठ जगात कुणी मारत नाही. जन्मभर प्रवासाच्या बॅगा बांधल्यात मी.

आणि आवाज थांबला! खालून थोरली सून म्हणाली, "अगंबाई, आज किती शांत वाटतंय." काय सांगू तुम्हाला, किती दिवसांनी मी कुणाच्या उपयोगी पडलो होतो. आणि उपयोगी पडल्यावर माणसाला झोप अशी काही लागते…

फक्त एक गोष्ट राहून गेली. दोर आवळला तेव्हा भरती पुरी झाली होती. म्हणजे पुढं काय येणार? ओहोटी! हे भिंगरीनंही सांगितलं असतं.

जाग आली तेव्हा माझी खुर्ची पलीकडच्या कठड्याला जाऊन टेकली होती. पाणी गेलं होतं खाली, आणि बोट? दोन दोरांवर एका अंगानं टांगलेली, खुंटीवरच्या सदऱ्यासारखी! खाली कांदे पळताहेत, कांद्यांमागं पातेलं, पातेल्यामागं नातवंडं, ती तर घसरगुंडी मिळाल्यासारखी खिदळताहेत, आणि अक्का आपल्या चाकाच्या खुर्चीतून शांतपणे या टोकाहून त्या टोकाला गेली आणि म्हणाली, "पोचलो का?" गेली कित्येक वर्षं ही बोट धक्का सोडून वीतभर गेलेली नाही हो!

थोरली सून वर आली. तिनं दोर बघितला. मग मला बघितलं. मग पुन्हा दोर. मी मान खाली घालून तयार… पण ती काही बोलली नाही! गाठ सोडायला गेली तर दोर सळईसारखा ताठ. तिनं धाकट्याला पिटाळलं थोरल्याला आणायला. थोरला धक्क्यावरच इंजिनं दुरुस्त करतो. आणि थोरल्याच्या आधी कोण यावं? साहेब.

बारीकसा माणूस, काखेत फाइल. फळीवरून उतरताना घसरला, तर ही पुढं होऊन म्हणते, "या, या, सांभाळून. आमच्याकडे जरा उतार आहे." जरा! साहेब बाकावर बसले आणि बसल्या बसल्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेले. चहा ठेवला तर कप चालायला लागला. हिनं त्याला एक बोट लावून धरलं, जणू आमच्याकडे कप असेच धरतात. बाकीची सगळी उंच बाजूला दाटीनं बसली होती, तारेवर चिमण्या बसतात तशी. बोट तेवढीच सरळ होईल म्हणून. साहेबांनी विचारलं, "तुम्ही सगळे तिकडेच का?" थोरली सून म्हणाली, "इकडं ऊन छान येतं." खिडकीतून एका बाजूला नुसतं आकाश, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी!

मी म्हटलं आता सांगून टाकावं. तोंड उघडलं. हिनं त्यात बिस्कीट घातलं.

तेवढ्यात वर थोरल्याची पावलं वाजली. त्यानं ओरडून एवढंच सांगितलं, "सगळे काहीतरी धरा." आणि कुऱ्हाडीचे घाव! एक दोर तुटला, दुसरा तुटला, आणि आमचं घर धाडकन जागेवर आलं. साहेब धुतलेल्या पडद्यांच्या टोपलीत बसले. कपाटातली ताटं एकामागून एक खाली आली. आणि कपाटाखालून माझा प्रबंध सुटला, ओल्या फळ्यांवरून सरकत सरकत गेला आणि साहेबांच्या बुटाशी थांबला.

टोपलीतूनच साहेबांनी विचारलं, "हा दोर कुणी आवळला?"

आता ऐका. थोरली सून म्हणाली, "मी." थोरला जिन्यातून म्हणाला, "मी, सकाळी कामावर जाताना." धाकटा म्हणाला, तो नव्हे, मी. लेक म्हणाली, मी. अक्काला प्रश्नच ऐकू गेला नव्हता, पण सगळे हात वर करताहेत असं बघून तीही म्हणाली, "मी पण." ही तेवढी गप्प होती, दुसरं बिस्कीट तयार ठेवून. पण मी उठलो. म्हटलं, "साहेब, हे सगळे खोटं बोलताहेत. दोर मी आवळला. माझ्या हातानं, पूर्ण शुद्धीवर." आणि एकदा बोलायला लागलो म्हटल्यावर… हेतू चांगला असणं वेगळं, परिणामाचं भान असणं वेगळं, आणि भान असायला हवं होतं ही अवस्था सगळ्यात गंभीर, हे सगळं नीट फोड करून सांगितलं. वर्गात इतकं चांगलं कधी शिकवलं नव्हतं.

साहेबांनी पुस्तक उचललं. पुसलं. नाव वाचलं, 'जबाबदारी'. लेखकाचं नाव वाचलं, माझी दाढी बघितली, चष्मा बघितला. आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "शिका काहीतरी. याला म्हणतात मोठेपणा. घरातल्यांचे दोष हा माणूस स्वतःच्या अंगावर घेतोय."

मी म्हटलं, नाही हो, खरंच मीच! ते म्हणाले, "कळलं मला, आजोबा," आणि माझा हात दाबला. म्हटलं, गाठी बघा, माझ्या पद्धतीच्या आहेत! ते आणखी गहिवरले. जितकं सांगावं तितका मी मोठाच होत चाललो. शेवटी त्यांनी निकाल दिला. "बोट मजबूत आहे, एवढी टांगली तरी मोडली नाही. राहा तुम्ही. पण एक अट. इथं जो तो दोराला हात लावतो, ते बंद. यापुढे दोर फक्त आजोबांच्या ताब्यात. मी येऊन बघत जाईन."

भिंगरी म्हणाली, "पण आजोबांनीच तर…" आणि ते दुसरं बिस्कीट कामाला आलं.

म्हणजे राहिलो आम्ही. सगळी. एकत्र. जेवायला बसलो तर ताटं पुरेनात, एकेका ताटात दोघं दोघं बसले. मी आणि ही एका ताटात. मला वाटलं, आता बोलेल, आता तरी… ती म्हणाली, "मीठ लागतंय का बघा." बस.

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं माझी खुर्ची कठड्याशी नेऊन ठेवली आणि एक कोरा दोर हातात दिला. "बाबा, हा तुमचा. साहेबांनी सांगितलंय ना. घट्ट वाटला तर ढिला करा, ढिला वाटला तर घट्ट करा." तेव्हाच मला शंका यायला हवी होती, नाही का? इतका मोकळेपणा कुठल्या खऱ्या दोराला असतो? पण मी तन्मयतेनं काम सुरू केलं. भरती आली की आवळतो, ओहोटी लागली की सोडतो, एकदा चुकलो नाही. येता-जाता जो तो विचारतो, "बाबा, दोर बरा आहे ना?" साहेब धक्क्यावरून नमस्कार करून जातात. आणि माझ्या पाठीमागं थोरला पाय न वाजवता काहीतरी करून जातो, ते मला ऐकू येतं. मी वळून बघत नाही. बघितलं तर त्याला खोटं बोलावं लागेल, आणि तेही माझ्याचपायी!

पण माणूस संशोधक ना… एकदा न राहवून दोर हातानं चाचपत गेलो. माझ्या हातातून कठड्याखाली, कठड्याखालून कडीत, कडीतून पिंपामागं, पिंपामागून वळून परत… आणि दुसरं टोक कुठं सापडावं? माझ्या खुर्चीच्या पायाला! गाठ कुणाची तेही ओळखलं. पिठाच्या पिशवीला ही जी मारते ना, तीच.

मान वर केली तर ही चहा घेऊन उभी. मी दोर बघितला हे तिनं बघितलं. म्हटलं, आता मात्र बोलणार. ती म्हणाली, "घट्ट आहे ना?"

मी म्हटलं, "आहे. पण ओहोटी लागलीय, जरा ढिला करतो."

मग काय करू, सांगा तुम्ही? मला कुणी काही बोललं नाही, मीही कुणाला काही बोललो नाही. पण एक मात्र खरं, दोर माझ्या ताब्यात आल्यापासून खुर्ची जागची हललेली नाही.