म्हातारीच्या पोटऱ्यांवरच्या पट्ट्या

हसायचं तर हसा, पण हे आजवर कुणाला सांगितलं न्हाई. आमच्या म्हातारीचे पाय सुजायचे. म्या जन्मभर विंझरला भाताची खाचरं केली. खालचं खाचर तुंबलं की वरच्या बांधाची पाणी सोडायची खांड बुजवायची, एवढंच मला ठावं. म्हटलं, रक्त खाली उतरून पायात साचतंय. मग तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर धोतराच्या पट्ट्या करकचून बांधल्या.

"अवो, लई दुखतंय," ती म्हणाली.

"सोस जरा, उतरंल सूज," म्या म्हटलं.

चौथ्या दिवशी पावलं काळीनिळी पडली, तवा तिला एसटीनं भोरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या कापल्या आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?"

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी म्हणाली, "म्याच."

"अहो आजी, रक्त पायात मुक्कामाला जात नाही! हृदय ते खाली ढकलतं, तिथून ते परत वर येतं, फुफ्फुसात ताजं होतं आणि पुन्हा अंगभर फिरतं. तुम्ही त्याची परतीची वाटच आवळलीत. अजून दोन दिवस काढले असते तर पाय गेले असते."

बाई माझ्याकडं वळल्या. "आणि आजोबा, तुमचं लक्ष कुठं होतं?"

खरं सांगायची वेळ तीच व्हती. पण माझ्या तोंडून निघालं, "किती सांगितलं, ऐकतच न्हाई ओ ही."

म्हातारीनं मान खाली घातली. म्हणाली, "व्हय बाई, ह्यांचं ऐकाया पायजे व्हतं."