गवताची पाती

सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात, तपासून बाहेर आलेले आजोबा बायकोशेजारी बसले.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत.”

“अगं बाई! कधीपासून?”

“वर्ष तरी झालं असेल, म्हणाले.”

“म्हणजे तुम्हाला गेममधलं चित्र पुसट दिसायचं, ते...”

“हळू बोल.”

“अहो, त्यासाठी पंच्याऐंशी हजारांचं ग्राफिक्स कार्ड आणलंत ना कॉम्प्युटरला! आपला पुष्कर सांगत होता, जुनं उत्तम आहे, बदलू नका.”

“सांगत होता.”

“आणि परवा नवं बसवल्यावर तुम्हीच म्हणालात ना, आता गवताची पातीन् पाती दिसते?”

“पंच्याऐंशी हजार मोजल्यावर दुसरं काय म्हणणार?”