मारियाची सासू

नाही, पोटासाठी नाही देत. गव्हाणीसाठी पाहिजे तं आख्खा ढीग ने, बंडी जुंपून देते — पण त्या सांताक्लॉजच्या पोटात भराले माही तणीस नाही भेटत. बस ना प्रितमबाबू, उभा काहून आहेस, बस त्या खाटेवर. चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी झाला तं खाटेवर नाही बसत काय आता? प्रतिक्षा, चहा ठेव वो — साखर जरा जास्तच टाक, पाहुणा नाराज होऊन जाणार आहे. सून चांगली आहे माही. मी बी चांगली सासू आहे, विचार तिले. राहू दे, नको विचारू.

बरं, मले एक सांग. चौतीस वर्षं झाली, दर नाताळाले तुमच्या सडकेवरच्या चर्चात गव्हाणी सजते, तिच्यात धानाची तणीस कोनाची असते? माही. आमच्या घरी गणपती बसते, महालक्ष्म्या बसतात, पण मळणी झाली का पहिला भारा मी नाताळासाठी बाजूले ठेवते. ओली नाही, कुजकी नाही — अन् बाळाच्या अंगाले टोचन म्हणून हातानं चोळून नरम करते. मातीच्या बाळाले काय टोचते, असं धनंजयचे बाबा म्हणतात. म्हणू दे. अन् औंदा तू येतो अन् म्हणतो, सुलोचनाकाकू, गव्हाणी कॅन्सल, तिथं सांताचा पुतळा अन् सेल्फी पॉइंट आहे, पोटात भराले दोन भारे द्या.

काय म्हटलं? पोट्ट्याईले आवडते? आवडनच ना, चॉकलेट देते तो. मागच्या साली भैय्यालाल झाला होता ना सांता — पिठाच्या गिरणीवाला, त्याले दाढीची गरजच नव्हती, पीठच पुरे होतं — तरी कापसाची लावली, अन् आमचा बोकड मागं लागून अर्धी दाढी खाऊन गेला. दोन दिवस बोकडानं पाल्याले तोंड नाही लावलं. सगळे हसले, मी बी हसली, खोटं कायले बोलू. पण मग मी त्या पोट्ट्याईले विचारलं, बाबू हो, आज वाढदिवस कोनाचा आहे? तं म्हणतात, सांताचा. एक जण म्हणे, भैय्यालाल काकाचा. तो तुहाच पोरगा होता, प्रितमबाबू. मी कोनाले नाही सांगितलं. आता सांगून राहिली.

तू मनात म्हणत असशीन, हे हिंदू बाई, हिले काय करायचं आहे आमच्या नाताळाचं? करायचं आहे. माही टीना झाली तवा थंडी अशी होती का तलावावर वाफ दिसे. मी गोठ्यात बाळंत झाली — म्हशीच्या बाजूले, तणशीवर. घरात जागा नव्हती ना. पाहुणे होते — म्हणजे पाहुणे नव्हते. चार खोल्या होत्या, कुत्रा बी ओसरीवर झोपे, पण जागा नव्हती. जाऊ दे ते. मिशनच्या दवाखान्यातली सिस्टर आली सायकल दामटत. केरळची होती, मराठी अर्धीमुर्धी. नाळ तिनं कापली. मग पोरीले आपल्या शालीत गुंडाळून म्हणे, अशीच एक बाई होती, मारिया, धर्मशाळेत तिले जागा नाही भेटली, तिनं बाळाले गव्हाणीत ठेवलं, अन् ते बाळ देव होतं. मी सगळं ऐकलं अन् विचारलं — सिस्टर, तिची सासू कुठं होती?

हसू नको. सिस्टर म्हणे, पुस्तकात सासू नाही. म्हटलं, पुस्तकात नसन, घरात असनच. पोटुशी बाई दारात उभी असताना धर्मशाळेवाला जागा नाही कायले म्हणन बाप्पा? असं सासूच म्हणते. सिस्टर बदलून जाईस्तोवर मले समजावून थकली, पण माह्या डोक्यातून काही मारियाची सासू निघाली नाही. अजून बी नाही निघाली.

हाव, दोन पोरींवर तिसरी होती टीना. कळा लागल्या तशी सासूनं आतून कडी लावली. म्हणे, पोरगा झाला तं आवाज दे. — हे मी धनंजयले बी कधी नाही सांगितलं, तुले काहून सांगून राहिली कोण जाणे. चहा पी.

पण ऐक. त्या दिवशी मले वाटलं होतं का मी अन् माही पोरगी, आम्ही आता ढोरात जमा. अन् ते सिस्टर सांगते का देव बी इथंच आला होता, असाच, तणशीत. लय रडली मी. पण उठून बसली, पोरीले अंगावर घेतलं. नाव बी सिस्टरनंच ठेवलं, क्रिस्टिना — शाळेत मास्तरानं टीना लिवलं. आता हा तुमचा लाल कोटवाला मले काय सांगते? हो हो हो म्हणते. माह्यासारखीले त्याचा काय उपयोग, तूच सांग.

थांब. तुह्या गाडीवर त्या खोक्यात काय बांधलं आहे? मेंढराचं तोंड दिसून राहिलं. खोल बरं. अरे, हे तं मारिया आहे. जोसेफ आहे. कुठं नेऊन राहिला यांईले — तुह्या घरच्या माळ्यावर? काहून, चर्चातली अलमारी कुठं गेली?

काय म्हटलं? परत म्हण.

लायटिंगचं सामान आहे म्हणतो, जागा नाही.

उतरव ते खोकं. हळू, तिचा हात आधीच चिरला आहे. प्रतिक्षा, मधल्या खोलीतली माही गादी काढ अन् तिथं तणीस पसर. नाही रे, गोठ्यात नाही. तुमच्या पुस्तकात असन गोठा — एकदा झालं तिचं गोठ्यात, तेवढं पुरे. या घराची सासू आता मी आहे. जोसेफले ओसरीवर ठेव, धनंजयच्या बाबाच्या बाजूले. बाळ राहू दे कागदात, त्याले दोन दिवस आहेत अजून. पोट्ट्याईले सांग, तुमचं चॉकलेट खाऊन झालं का इकडं या, वाढदिवस इथं आहे. तू बी ये. पण आता जाय, प्रितमबाबू. बाई भरल्या दिवसांची आहे, लांबून आली आहे. तिले पडू दे जरा.