हॅस्किल वकिलाला मत

वायोमिंगमधल्या आमच्या गावात मतदान होतं. रांगेत माझ्या पुढे ऑरिन आणि त्याची बायको टॅबिथा. दाराशी उमेदवार हॅस्किल वकील, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, स्वतःच्या नावाच्या छापील मतपत्रिका वाटत होता. त्याच्या मागे पेटी आणि कारकून.

“गपचूप घे आणि पेटीत टाक. गुरंचोर म्हणून मला लटकवणार होते, टॅबिथा. या माणसाने सोडवलं.”

“आणि नंतर कितीतरी हिवाळे आपल्या घरी जेवला. मीच वाढायचे.”

“मग?”

“मग निवडून गेला आणि कायदा केला. ज्या वासरावर मालकाच्या खुणेचा डाग दिलेला नाही, ते मोठ्या गुरंवाल्यांच्या संघाचं. आपल्याच गाईला पीत असलं तरी.”

“कायदा सगळ्यांनाच आहे.”

“हो का? त्यांची किती वासरं आली आपल्याकडे?”

“हळू बोल. ऐकतोय तो.”

“ऐकू दे. कोर्टात हाच ओरडला होता, वासरू कुणाचं ते गाय सांगते. त्यावरच तुला सोडलं. आज तू तेच म्हणालास तर चोर ठरशील.”

“जीव वाचवलाय त्याने माझा.”

“तुझा वाचवला, तू दे मत. माझा त्याच्याकडे गहाण नाही.”

“या, टॅबिथाबाई, ही घ्या पत्रिका. काय ऑरिन, मान जागेवर आहे ना अजून?”

“आहे, साहेब.”

“अहो कारकून, पेन्सिल द्या. यातलं नाव खोडायचंय.”

“बाई, ते समोर उभे आहेत.”

“म्हणूनच जाड खोडते.”

“झालं की पेन्सिल इकडे दे,” ऑरिन म्हणाला.